सुट्टीतलं महायुद्ध

परवा दुपारी पालकांच्या ग्रुपवर हॉलिडे होमवर्कची फाइल येऊन पडली आणि मी फोन उपडा घालून ठेवला. पाहिलंच नाही तर आलेलंच नाही, असं थोडा वेळ स्वतःला सांगता येतं. बाहेर गाझियाबाद भाजून निघत होतं. जूनमधली इथली दुपार म्हणजे चुलीवर विसरलेला रिकामा तवा. समोरच्या टॉवरची भिंत उन्हाने पांढरीफटक पडलेली. खाली उभ्या गाडीच्या सावलीबरोबर एक कुत्रं वीतभर वीतभर सरकत होतं. खिडकीच्या फटीतून लूचा तापलेला वारा शीळ घालत होता आणि आपला दम संपत आल्याचं इन्व्हर्टर पुन्हापुन्हा ओरडून सांगत होता. अशा दिवसांत माणसाने खरबूज खावं आणि गप पडून राहावं. पण नाही. इकडच्या शाळा सुट्टी देतात ती स्वतःला.

पुण्याच्या चुलतबहिणीला हे मी कितीदा तरी समजावलंय, तिला ते अजून पटलेलं नाही. "सुट्टी आहे ना, मग मॉडेल कसलं?" ती विचारते. कसलं म्हणजे? संसदेचं, ज्वालामुखीचं, पचनसंस्थेचं. सुट्ट्या लागल्या की कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलसाठी आयांची अशी झुंबड उडते की गोकुळअष्टमीचं दहीदूध वाटतायत असं वाटावं. आमच्या वेळी जून म्हणजे साताऱ्याकडचं गाव, आजीच्या हातची भाकरी आणि पायाला चटका देणारी वाट. पुस्तक नावाची गोष्ट दिल्लीच्या क्वार्टरात कुलपात असायची. माझ्या लेकीला जून म्हटलं की फेविकॉलचा वास आठवणार आहे.

मागच्या जूनमध्ये आमच्याकडे दुसरं महायुद्ध झालं.

इरा तेव्हा नववीत होती. फर्मान असं होतं: तिघातिघांचे गट करा आणि महायुद्धाचा माणसांच्या आयुष्यावर काय परिणाम झाला ते शोधून काढा. नकाशा हवा, आकडे हवेत, एक मॉडेल हवं आणि एका खऱ्या माणसाची मुलाखत हवी. ही शेवटची अट का, ते उघड होतं. हल्ली पोरं फोनला विचारतात आणि फोन अर्ध्या मिनिटात महायुद्ध सुरू करून संपवूनही देतो, निष्कर्षासकट. निदान एका माणसाशी तरी तोंडाने बोलावं, एवढं शाळेला सुचलं होतं. आता ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईचा खरा माणूस आणायचा कुठून, हे मात्र फाइलीत नव्हतं.

इराच्या गटात दोघं. शेजारच्या टॉवरमधला कबीर, वडील बँकेत, चष्म्यावरून बघत प्रत्येक वाक्याला "इसका प्रूफ?" विचारणारा. आणि तृषा, बंगाली, मोठ्या डोळ्यांची, जिला रडू आणि नाटक दोन्ही एकाच वेळी येतं. हे तिघं आमच्याकडे जमायचे, कारण माझा दाताचा दवाखाना संध्याकाळी उघडतो आणि दुपारी मी घरात असते. नवऱ्याची बदली गुवाहाटीला. म्हणजे चिडायला हक्काचं माणूसही घरात नाही.

पहिल्याच दिवशी कबीरने थर्माकोलचा रणगाडा कापायला घेतला. पंखा चालू. संध्याकाळपर्यंत ते पांढरे दाणे सोफ्यात, पोह्यांत, देवघरात. दुसऱ्या दिवशी हॉलमधला एसी बसला. मेकॅनिक रोज सकाळी फोनवर म्हणायचा, "बस निकल ही रहा हूँ, मैडम," आणि कुठून निघत होता कोण जाणे, आठवडाभर नुसता निघतच राहिला. मग महायुद्ध सरकलं अप्पांच्या खोलीत. घरातला दुसरा एसी तिथे होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. केंद्र सरकारच्या नोकरीत सारा जन्म दिल्लीत गेला. बोलणं मोजकं. मी रोज परक्या माणसांना "आ करा" म्हणून तोंड उघडायला लावते, पण या एका माणसाने माझ्यासमोर कधी उघडलं नाही. दुपारभर वर्तमानपत्र आणि आवाज बंद केलेला टीव्ही. टीव्हीवर कुठली ना कुठली लढाई चालू असतेच, पडक्या इमारती सरकत जातात, खाली आकडे पळतात. त्या खोलीत तीन पोरं, रणगाडा, लॅपटॉप आणि चिप्सचे चुरे घुसले तेव्हा अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच पोलंडवर स्वारी केली होती.

खरा माणूस मिळेना. कबीरच्या घरी कुणालाच काही झालं नव्हतं, असं त्याची आजी म्हणाली. तृषाने कोलकात्याला आपल्या दिदाला, म्हणजे आजीला, फोन लावून युद्धकाळातल्या बंगालच्या दुष्काळाबद्दल विचारलं. दिदा म्हणाली, जेवणाच्या वेळी असलं विचारायचं नसतं. तृषाने चार वाजता पुन्हा फोन केला. तेव्हाही ती म्हणाली, जेवणाच्या वेळी विचारायचं नसतं. तृषा रडली. कबीर म्हणाला, "फेक इंटरव्ह्यू बना लेते हैं यार, कौन देखेगा." इरा त्याच्यावर ओरडली. तिघं एकदम भांडू लागली, आणि त्या गदारोळात वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"मेरे पिताजी थे उस लड़ाई में।"

मी दारात होते. हातात खरबुजाची बशी.

"अप्पा!" इरा किंचाळली. "तुम्ही कधी सांगितलं नाही!"

कबीर लॅपटॉप उघडून तयार. "फिर? शहीद हुए थे?"

"नहीं। लौट आए।"

"ओह," कबीर म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला की त्याला बशीतली एक फोड द्यावी की एक थोबाडीत, मला कळेना.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, कडेला कड लावून. ते चिडले की असंच करतात. "लौट आए," ते म्हणाले, "मुसीबत तो वहीं से शुरू हुई।"

आणि मग माझ्या वडिलांनी, मला जन्मात जे सांगितलं नव्हतं ते, शेजारच्या टॉवरमधल्या एका आगाऊ पोराला, सरकारी हिंदीत, एसीच्या घरघरीत सांगितलं.

आजोबा पलटणीत होते. लग्न होऊन आजी सासरी नांदायला आली न आली तोच त्यांना बोटीने आफ्रिकेकडे धाडलं. काही महिन्यांनी कळलं, बेपत्ता. घरच्यांनी वाट पाहिली. पुढे शेजारच्या गावचा एक शिपाई जखमी होऊन परतला आणि म्हणाला, तुमच्या माणसाला मी पडताना पाहिलं. मग वाट पाहणं संपलं. घरात रडारड झाली, कार्य झालं. आजी म्हणत राहिली, त्याने पडताना पाहिलं, मेलेलं नाही पाहिलं. कुणी ऐकलं नाही. तिचं कुंकू पुसलं. बांगड्यांना ती हात लावू देईना, दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी बायकांनी तिला धरून, हात ओढून, दगडाने फोडल्या. काच मनगटात घुसली.

लढाई संपली आणि आजोबा आले. ते कैदेत होते, आधी इटलीत, मग जर्मनीत. वाळलेले, पण जिवंत. पायवाटेने चालत घरी आले ते त्यांच्याच बायकोने पाहिलं आधी, पांढऱ्या कपाळाने.

"आता पंचाईत," अप्पा म्हणाले. ज्याचं कार्य उरकलंय तो माणूस रीतीप्रमाणे मेलेला. जिवंत करायचा तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, असं भटजींनी सांगितलं. मग एवढ्या मोठ्या मिशीवाल्या जवानाला पाटावर बसवून त्याचं बारसं केलं. बायकांनी त्याच्या कानात त्याचंच नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं.

पोरं हसून लोळली. अप्पाही हसले. मला त्यांचं ते हसू बघवेना.

"आणि पणजीचं?" इराने विचारलं.

आजीला कुंकू लावलं, मंगळसूत्र घातलं. ते तिने घालून घेतलं. मग दारात कासार बोलावला, हिरव्या बांगड्यांची माळ घेऊन. ती पदराखाली हात घेऊन बसली. म्हणाली, ज्यांनी फोडल्या त्यांनी आधी म्हणावं, आमचं चुकलं. मग भरीन. सासू म्हणाली, आम्ही काय मुद्दाम केलं? रीत होती ती. दोघींचंही खरं. कासार परत गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला, पुन्हा गेला. सासू मेली, ते वाक्य न बोलता. आजोबा एकदाच म्हणाले, "घाल की गं," आणि पुन्हा कधी म्हणाले नाहीत. ते कैदेतून एक सवय घेऊन आले होते, ताटाला डाव्या हाताचा विळखा घालून जेवायची, जणू कुणी हिसकून नेईल. त्या विळख्यात मान घालून ते जेवायचे आणि समोर ती मोकळ्या हातांनी वाढायची. मरेपर्यंत.

कबीर टाइप करत होता. तृषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी बशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले.

सुट्टीतल्या त्या सगळ्या सकाळी मला आठवल्या. गावात चालत जाताना घराघरांतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, थापेबरोबर काकणांची किणकिण. आमच्या घरातून नुसती थाप यायची. कोपरापर्यंत पिठाने माखलेले, ओकेबोके दोन हात. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि मनगट भुंडं. हळदीकुंकवाला बायका तिला कुंकू लावायच्या आणि मग त्यांची नजर खाली तिच्या हातांवर येऊन अडखळायची. मी सात-आठ वर्षांची असताना अप्पांना विचारलं होतं, आजी बांगड्या का घालत नाही? ते म्हणाले होते, तिचे हात दुखतात. पुढे कितीतरी वर्षं, बांगड्यांनी हात दुखतात असा माझा समज होता.

पोरं गेल्यावर मी अप्पांना गाठलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. लहानपणी."

"तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती."

"आणि ती गेल्यावर?"

"तोवर तू दाढांत अडकलीस," असं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज सुरू केला.

माणसं अशी असतात. जवळच्या माणसाला सांगायचं तर सगळं सांगावं लागतं. परक्या पोराला सांगितलं की ते एका पानात मावतं.

मला वाटलं, चला, मुलाखत झाली, सुटलो. कसलं काय. दुसऱ्या दिवशी तृषा बाजारातून हिरव्या बांगड्यांचा डबा घेऊन आली. तिच्या डोक्यात नाटक होतं. शाळेत वर्गासमोर ती आजी होणार, इरा सासू, आणि बांगड्या खरोखर फोडायच्या. "इम्पॅक्ट आएगा," ती म्हणाली. आवाज कसा येतो ते बघायला तिने एक बांगडी खुर्चीच्या हातावर आपटली.

ती टिचल्याचा आवाज झाला आणि अप्पा उठले. चप्पल न घालता दार उघडून बाहेर गेले, लिफ्टसमोरच्या त्या भट्टीसारख्या पॅसेजमध्ये. मी मागे धावले. ते भिंतीला टेकून उभे होते.

"बंद," ते म्हणाले. "माझ्या आईचं नाव यायचं नाही. तिचे हात मी त्यांना खेळायला दिलेले नाहीत."

"अप्पा, लहान आहेत ती. तिला कळलं नाही."

"कळलं नाही म्हणूनच फोडल्या होत्या तेव्हाही."

आत तृषा हुंदके देत होती, इरा तिच्यावर ओरडून मग स्वतःच रडत होती आणि कबीर म्हणत होता, "तो अब हमारा इंटरव्ह्यू गया?" मी केरसुणी घेऊन खाली बसले. एका हाताने काचा गोळा करत होते, दुसऱ्या हाताने थर्माकोल. खरं सांगते, त्या क्षणी मला हिटलरपेक्षा त्या शाळेचा राग जास्त आला होता.

या प्रोजेक्टचा निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्यात जीव अडकायला नको. जुलैमध्ये शाळा उघडल्यावर पोरांनी नाटकाबिटकाशिवाय, उभं राहून, नाव न घेता ती गोष्ट सांगितली. मॅडमनी खाली शेरा मारला की हे काम सामाजिक रूढींबद्दल जास्त आणि महायुद्धाबद्दल कमी आहे, आकडे अपुरे आहेत. रणगाड्याचं कौतुक झालं. तो अजून शाळेच्या काचेच्या कपाटात आहे म्हणतात. मी शेरा दोनदा वाचला. नंतर मॅडमचा दाढदुखीचा फोन आला तर काय करायचं, याचा मी बराच विचार करून ठेवला होता. आला नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी सगळी तोंडं फुगवून घरी गेली आणि दोन दिवस आमच्या घरात सुट्टीसारखी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. कबीर एकटाच. घामाने निथळत, हातात लिचीची पिशवी. आईने पाठवली असणार. तो सरळ अप्पांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"सॉरी, दादाजी। नाटक कैंसल।"

अप्पांनी मान हलवली. मला बरं वाटलं. पण पोरगं हललं नाही.

"पर एक प्रॉब्लम है। आप तो तब पैदा ही नहीं हुए थे। आपने तो सुना है बस। जो वहाँ था, ऐसा कोई है?"

मला वाटलं, आता भूकंप. अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "आत्या आहे."

आत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. आम्ही सगळे तिला आत्याआजी म्हणतो. नव्वदी पार केलेली. गावात एकटी राहवेना म्हणून नातवाने तिला काही वर्षांपूर्वी गुरुग्रामला आणलं, चोविसाव्या मजल्यावर. आमच्या घरापासून तिकडे मेट्रोने जायला दीड-दोन तास. दिवाळीला आम्ही एक चक्कर मारायचो, फराळाचा डबा द्यायचा, पाया पडायचं, निघायचं. अप्पा तिथे कधी रमले नाहीत. त्यांची आई या नणंदेशी नीट वागायची, पण जरा लांबून, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि आईचं लांबून वागणं मुलात आपोआप उतरतं.

मग काय, निघाली वरात. भर जूनमध्ये तीन पोरं, एक चिडलेले म्हातारे आणि मी. मेट्रोत तृषाला मळमळलं. बदलायच्या स्टेशनवर कबीर चुकीच्या फलाटावर गेला आणि तिथून फोनवर आम्हालाच सांगत राहिला की तुम्ही चुकलात. गुरुग्रामला स्टेशनबाहेर पडलो तर समोर नुसती काच. काचेचे मनोरे, त्यांच्यावर आदळून परत येणारं ऊन, आणि सावलीला एक झाड नाही. कॅब येईपर्यंत अप्पा डोक्यावर रुमाल टाकून उभे होते. त्यांची नजर मला पाठीवर जाणवत होती.

आत्याआजी बैठकीत, पडदे ओढलेल्या मोठ्या खिडकीजवळ, सोफा सोडून पाटावर बसली होती. नातसून सिमरन, पंजाबी, गोड पोरगी, सगळ्यांना गार पाणी देऊन म्हणाली, "दादीजी सुबह से पूछ रही हैं, कौन आ रहा है।" आत्याआजीने अप्पांना ओळखलं. "बाळू, वाळलास रं," म्हणाली.

ऐकू कमी, पण बोलणं खणखणीत, आणि सगळं गावाकडचं. कबीरने प्रश्न विचारायचा, इराने मराठीत ओरडून सांगायचा, आत्याआजीने उत्तर द्यायचं आणि इराने हिंदी करायचं, अशी साखळी ठरली. माझी लेक दिल्लीत वाढलेली. कासार, सुतक, माहेरपण, एकेक शब्द आला की तिची गाडी थांबायची आणि ती माझ्याकडे बघायची. मला आधी तिची चीड आली, मग माझी.

"त्या दिवशी तुम्ही तिथे होता का?" इराने विचारलं. "पणजीच्या बांगड्या फोडल्या तेव्हा?"

आत्याआजीने अप्पांकडे पाहिलं. मग इराकडे.

"व्हते की," ती म्हणाली. "धा वर्साची आसंन. आई म्हनाली, डावं मनगाट धर, घट. म्या धरलं."

इरा माझ्याकडे वळली. "आई, मनगट म्हणजे?"

मी तिचा हात घेतला आणि हाताचा आणि पंजाचा जोड असतो तिथे बोटं ठेवली. तिने खाली पाहिलं. मग तिला कळलं, आणि ते हिंदीत सांगायला तिला जरा वेळ लागला. कबीरची बोटं लॅपटॉपवर थांबली. अप्पा खुर्चीत सरळ बसले होते. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईने कधीच सांगितलं नव्हतं, कोण कोण होतं ते.

"वहिनी मला म्हनाली, सोड गं, तुजा दादा जिता हाय. म्या न्हाई सोडलं. आई बघत व्हती." आत्याआजी पदराने तोंड पुसत होती, पण रडत नव्हती. "दादा आला तवा समदी नाचत व्हती. म्या न्हाणीत जाऊन लपले. मला वाटलं, आता ह्यो मला मारनार."

कबीर इराच्या कानाशी लागला. मी डोळे वटारले, पण उशीर झाला. इरा म्हणाली, "तो विचारतोय, तुम्ही नंतर सॉरी म्हणालात का त्यांना?"

जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं. चोविसाव्या मजल्यावर तेवढीही सोय नाही.

"म्हनाले की," आत्याआजी शांतपणे म्हणाली. "लगीन झालं माजं, पयल्या माहेरपनाला आले तवा. म्हनलं, वहिनी, चुकलं माजं, भरा आता बांगड्या. ती म्हनाली, तू ल्हान व्हतीस, तुजं न्हाई चुकलं. ज्यांचं चुकलं त्यांनी म्हनावं." ती थांबली. सिमरनला शब्द कळत नव्हते, तरी ती पाण्याचा ग्लास हातात धरून तिथेच उभी राहिली होती. "लई चांगली. दर साली बोलवायची. पोटभर वाढायची, चोळी-लुगडं करायची. पर हाताला हात लागू दिला न्हाई कंदी. लुगडं बी पाटावर ठेवायची अन् म्हनायची, घे. मरंस्तवर. म्या पाटावरनंच घेतलं समदं."

इराने याचं हिंदी केलं नाही आणि कबीरने मागितलं नाही. खाली उभ्या केलेल्या परतीच्या कॅबवाल्याचा फोन वाजत होता, मी तो कापला, तो पुन्हा वाजला. मी अप्पांकडे बघायचं टाळत होते. आईचं दुःख जन्मभर सांभाळलेला माणूस, आणि समोर ते मनगट धरणारी. मला वाटलं, ते आता उठतील आणि चप्पल न घालता बाहेर जातील, त्या दिवसासारखे.

ते उठलेच. पण दाराकडे नाही. खिडकीपाशी गेले, पडदा सारून खाली पाहिलं.

"ऊन उतरलंय," ते चिडक्या आवाजात म्हणाले. "एवढी बाग केलीय खाली, आणि तू दिवसभर इथे पडदे लावून बसतेस होय? चल. एक चक्कर मारू."

"मला उठाय येतंय व्हय आता एकटीला," आत्याआजी म्हणाली.

"एकटीला कोण म्हणतंय?"

अप्पा तिच्यासमोर वाकले आणि हात पुढे केला. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपला उजवा पंजा लुगड्याला पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी, जणू त्याला काही लागलं होतं, आणि त्यांच्या हातात ठेवला.

कबीरने फोटोसाठी फोन काढला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि पळत जाऊन लिफ्टचं बटण दाबून धरलं.